सिकलसेलचं दुखणं दिसत नाही, मग पटवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: वय २७, वजन ५० किलो, सिकलसेल हा जन्मजात रक्तविकार, एसएस पॅटर्नचा. नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत बिलिंगचं काम. वर्षातून चार-पाचदा दुखणं उठतं, दोन-तीन दिवस अंथरुणात जातात, चौथ्या दिवशी कामावर हजर. तिथे ऐकावं लागतं, “मस्त तं दिसून राहिली!” सासरी म्हणतात, आमच्या भाच्यालाही सिकल आहे, तो तर क्रिकेट खेळतो. दवाखान्यात सांगतात, रिपोर्ट नेहमीसारखेच आहेत. आता सुट्टी मागायची लाज वाटते, म्हणून गोळी खाऊन ऑफिसला जाणं सुरू झालंय. काय करावं?

आधी ते गोळी खाऊन ऑफिसला जाण्याचं घेऊ. लोकांना पटत नाही याचा मनस्ताप आहेच, पण खरा धोका दुखणं लपवून कामावर जाण्यात आहे. जे दुखणं पहिल्या काही तासांत पाणी, ऊब आणि आराम मिळून घरीच उतरलं असतं, तेच एसीखाली आठ तास बसल्यावर रात्री कॅज्युअल्टीत नेतं. आणि दुखत असताना कुणालाही काही पटवता येत नाही. पटवण्याची सगळी तयारी बरं असताना करून ठेवायची. पुढचं सगळं त्याच तयारीबद्दल आहे.

भाच्याचं आधी उरकू. विदर्भात ‘सिकल आहे’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतात, आणि निम्मा अविश्वास तिथूनच येतो. भाचा बहुतेक एएस पॅटर्नचा, म्हणजे वाहक असेल. त्याच्याकडे एक जनुक सिकलचं, एक चांगलं. वाहकाला रोजच्या आयुष्यात सहसा काही होत नाही. तो क्रिकेट खेळेल, पोलीस भरतीत धावेल. एसएसमध्ये दोन्ही जनुकं सिकलची. तांबडी पेशी १२० दिवस जगायची ती जेमतेम १० ते २० दिवसांत तुटते, आणि ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारखी वाकून बारीक रक्तवाहिनीत अडकते. इतवारीच्या बोळात एक हातठेला आडवा झाला की मागची सगळी रांग थांबते. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून जाणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. हाडाच्या आत तेच होतं. सासरी दोघांचे एचपीएलसी (हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणाऱ्या रक्ततपासणीचे) रिपोर्ट शेजारी ठेवून एकदाच दाखवा. दहा वेळा सांगण्यापेक्षा कागदावरचं ‘एएस’ आणि ‘एसएस’ लवकर समजतं.

दवाखान्यातला प्रश्न जास्त गंभीर आहे. सिकलसेलचा क्रायसिस, म्हणजे पेशी अडकून उठलेलं तीव्र दुखणं, आहे की नाही हे ठरवणारी रक्ताची एकही तपासणी नाही. हिमोग्लोबिन तुमच्या नेहमीच्या आकड्यावर असू शकतं, एक्सरे स्वच्छ येऊ शकतो, नाडी आणि बीपीही ठीक असू शकतं, आणि तरी दुखणं दहापैकी नऊ असतं. लहानपणापासून दुखणं सोसलेला माणूस ओरडत नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडतो किंवा मोबाइल बघत मन दुसरीकडे नेतो. नवीन डॉक्टर किंवा सिस्टरला वाटतं, एवढं दुखत असतं तर मोबाइल बघितला असता का? वर तुम्ही इंजेक्शनचं नाव घेऊन मागितलं की ‘सवय लागलीय’ असा शिक्का बसतो. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा रुग्णाला दवाखान्यात पोचल्यापासून ३० मिनिटांत वेदनाशामक मिळायला हवं, अमेरिकेच्या सूचनांप्रमाणे तासाभरात. आपल्याकडच्या गर्दीत हे आपोआप होत नाही. ते घडवून आणायला एक कागद लागतो.

तो कागद तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, एकाच पानाचा हवा. जाड फाइल रात्री दोन वाजता कुणी वाचत नाही. त्यावर काय असावं? निदान आणि एचपीएलसीची तारीख. रक्तगट, आजवर किती वेळा रक्त चढवलं, त्याची रिअ‍ॅक्शन आली होती का. बरं असतानाचे आकडे: समजा हिमोग्लोबिन ८.२, बिलिरुबिन ३.१, ऑक्सिजन ९७. हे आकडे फार महत्त्वाचे, कारण त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय आजचा आकडा वाचताच येत नाही. ज्याचं नेहमीच ८.२ असतं त्याला ८ वर रक्त चढवायची गरज नसते. उलट दुखण्यासाठी म्हणून बाटल्या चढवत हिमोग्लोबिन १० च्या वर नेलं तर रक्त दाट होऊन त्रास वाढू शकतो. पण नेहमीपेक्षा २ ने खाली आलं असेल तर ती धोक्याची खूण आहे. शेवटी, मागच्या वेळी कोणत्या औषधाने, किती मात्रेत, किती वेळात आराम पडला. हे डॉक्टरांच्या हस्ताक्षरात असलं की औषधाचं नाव तुम्हाला तोंडाने घ्यावं लागत नाही. एक प्रत पर्समध्ये, एक नवऱ्याकडे, एक फोटो मोबाइलमध्ये.

गल्लीतल्या दवाखान्यात ‘एक सुई मारून’ घेण्याची सवय असेल तर ती सोडा. त्या सुईत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. तासाभरात जादू झाल्यासारखं वाटतं आणि औषध उतरलं की दुखणं पहिल्यापेक्षा जोरात उलटतं. दुसरी सुई असते डायक्लोफेनॅकची. अंगात पाणी कमी असताना ती घेतली तर किडनीला मार बसतो, आणि सिकलसेलमध्ये किडनी आधीच नाजूक असते. सलाइनचंही तसंच. ‘दोन बाटल्या भरभर सोडा’ असं स्वतःहून सांगू नका. जास्तीचं पाणी फुप्फुसात उतरतं.

घरी दुखणं उठलं की गोळीच्या आधी थर्मामीटर. हा क्रम चुकवू नका, कारण पॅरासिटामॉलने ताप उतरतो आणि जंतुसंसर्ग झाकला जातो. सिकलसेलमध्ये पाणथरी, म्हणजे प्लीहा, लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे जंतुसंसर्ग काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो. १०१ फॅरेनहाइट किंवा वर ताप असेल तर घरी थांबायचं नाही, दुखणं कमी असलं तरी. ताप नसेल तर पहिल्या अर्ध्या तासात दोन ग्लास कोमट पाणी, दुखऱ्या जागी गरम पाण्याची पिशवी (कपड्यात गुंडाळून, एका वेळी २० मिनिटं) आणि पॅरासिटामॉल ६५० ची एक गोळी. दर सहा तासांनी एक, २४ तासांत जास्तीत जास्त चार. सर्दीच्या गोळीत आणि मेडिकल स्टोअरवाला देतो त्या ‘अंगदुखीच्या’ गोळीतही पॅरासिटामॉल असतं. वेष्टनावर वाचा, नाहीतर नकळत दुप्पट डोस जातो. तासाभरात उतार नसेल तर डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली पुढची पायरी: आयबुप्रोफेन ४००, खाल्ल्यावर. पण किडनीचा त्रास, अल्सर किंवा गर्भारपण असेल तर ती नाही. त्यापुढची ट्रॅमाडॉलसारखी गोळी फक्त चिठ्ठीवर आणि लिहिलेल्या मात्रेत. बर्फ कधीच लावायचा नाही. क्रिकेटवाल्या भाच्याचा पाय मुरगळला तर बर्फ बरा. इथे थंडीने रक्तवाहिनी आकसते आणि अडकलेल्या पेशी आणखी अडकतात. मालिश हलक्या हाताने चालते, रगडून नाही.

पडून असताना श्वास उथळ होतो, विशेषतः बरगडी किंवा पाठ दुखत असेल तर, आणि तिथूनच छातीचा धोकादायक त्रास सुरू होतो. आत तीन छोटे चेंडू असलेलं श्वासाचं प्लास्टिक यंत्र मिळतं ते घरी असू द्या. जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा. बहुतेक लोक त्यात फुंकतात. श्वास आत ओढायचा असतो, हळू आणि खोल.

थेट दवाखान्यात जायचं ते केव्हा, हे आज ठरवून फ्रिजवर चिकटवा, म्हणजे त्या वेळी ‘अजून थोडं बघू’ होत नाही: ताप १०१, छातीत दुखणं, धाप किंवा ऑक्सिजन ९५ च्या खाली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, कधी नव्हे असं डोकं दुखणं, अचानक दिसेनासं होणं, एकदम पांढरं पडणं किंवा पोटात डाव्या बाजूला फुगून दुखणं, घरचे उपाय करून सहा तासांत उतार नसणं. पुरुष रुग्णांना एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून सांगून टाकतो: लिंगाला दुखरा ताठरपणा येऊन दोन तासांत उतरला नाही तर तीही तातडीच आहे. लाजेखातर सकाळ होऊ दिली तर कायमचं नुकसान होऊ शकतं. जायचं कुठे? मिहानमधून एम्स जवळ पडतं. शहरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), मेयो आणि डागा या तिन्ही सरकारी दवाखान्यांत सिकलसेलचे रुग्ण नेहमीचे आहेत. जिथे तुमची फाइल आहे तिथे जाणं केव्हाही बरं.

आता ऑफिस. सहकाऱ्यांना आजार समजावून सांगायला तुम्ही बांधील नाही, आणि माझ्या मते सगळ्यांना सांगूही नये. सांगितलेलं अर्ध्या दिवसात ‘तिला रक्ताचा काहीतरी आहे’ एवढंच उरतं. सांगायचं दोघांना: एचआरला लेखी, आणि शेजारी बसणाऱ्या एका विश्वासातल्या माणसाला, जो गरज पडल्यास तुमच्या घरी फोन करेल. पत्रात रोगाचं वर्णन कमी, कामाचं जास्त असावं. असं काहीसं:

“मला सिकलसेल हा जन्मजात रक्तविकार आहे, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं आहे. तो संसर्गजन्य नाही. वर्षातून साधारण चार-पाच वेळा तीव्र वेदनांमुळे मी दोन ते चार दिवस काम करू शकत नाही. हे आधी सांगता येत नाही आणि बाहेरून दिसत नाही. विनंती: १) बसण्याची जागा एसीच्या झोताखाली नसावी. २) टेबलावर पाण्याची बाटली आणि लघवीसाठी लागेल तेव्हा उठण्याची मुभा असावी. ३) दुखण्यानंतरचे दोन दिवस घरून काम करता यावं. ४) दर वेळी नवं प्रमाणपत्र न मागता सोबतचं प्रमाणपत्र वर्षभर ग्राह्य धरावं. प्रलंबित काम कुणाला कसं सोपवायचं याची यादी मी टीमलीडरकडे दिली आहे.”

शेवटचं वाक्य गाळू नका. साहेबाची काळजी बहुधा महिनाअखेरच्या बिलांची असते. त्याचं उत्तर आधीच दिलं की बाकीच्या मागण्यांवर वाद घालायला फार उरत नाही. पत्र ईमेलने पाठवा, म्हणजे तारीख राहते.

यासोबत दुखण्याची नोंदवही. रोज लिहायची नाही, ते कुणाकडून होत नाही. फक्त दुखेल तेव्हा. एक नोंद एवढीच: “१२ मे. दुपारी ४. दोन्ही मांड्या, कंबर. ७/१०. आदल्या रात्री कूलरसमोर झोप, सकाळी एकच बाटली पाणी. पॅरासिटामॉल ६५० × ३, आयबुप्रोफेन ४०० × १. १४ मे सकाळी ३/१०. रजा २ दिवस.” सहा महिन्यांच्या अशा नोंदींचा तिहेरी उपयोग होतो. डॉक्टरांना औषध वाढवायचं की नाही ते ठरवता येतं, दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळी तपासणाऱ्यांना क्रायसिस किती वेळा आले ते दाखवता येतं, आणि तुम्हाला स्वतःला कळतं की दर वेळी आधी काय घडलं होतं.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल बराच गोंधळ आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र मिळतं; टक्केवारी क्रायसिस, रक्त चढवणं आणि अवयवांवरचे परिणाम बघून ठरते, म्हणून डिस्चार्ज कार्डं जपून ठेवा. ४० टक्के किंवा जास्त मिळालं तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के राखीव जागांत तुम्ही येता. पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत रक्तविकार धरलेले नाहीत. एजंट तसं सांगून पैसे घेत असेल तर देऊ नका. खासगी कंपनीनेही समान संधी धोरण जाहीर करणं कायद्याने अपेक्षित आहे. एचआरकडे ते मागून पाहा. पगार २१,००० पर्यंत असेल (दिव्यांगांसाठी २५,०००) तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतं, आणि त्यात आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या अंशदान काळात ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं लागतं. बिनपगारी रजा टाकण्याआधी हे तपासा.

नागपूरचा उन्हाळा म्हणजे या आजाराची परीक्षाच, पण लोक समजतात त्या कारणाने नव्हे. ४५ अंशांचं ऊन टाळायचं हे सगळ्यांना माहीत असतं. दुखणं मात्र बऱ्याचदा उठतं ते थंडाव्याने. बाहेरून घामाघूम येऊन एसीखाली बसणं, केस ओले ठेवून कूलरच्या तोंडाशी झोपणं. कूलर हवाच, पण खाट त्याच्या झोतातून बाजूला सरकवा आणि पहाटेसाठी पायथ्याशी चादर असू द्या. ऑफिसात शाल आणि पायमोजे, मे महिन्यातसुद्धा. कुणी हसलं तर हसू द्या. दुपारी खापरीपर्यंत दुचाकीऐवजी मेट्रो, पण डब्यातही गारवा असतो, तेव्हा स्कार्फ बॅगेत टाकू नका, अंगावरच राहू द्या. पावसाळ्यात पहिल्या सरीत भिजणं आणि जानेवारीत गार पाण्याची अंघोळ, दोन्ही नाही. सावजी रश्श्याने क्रायसिस येतो असं काही नाही. दारूने मात्र अंगातलं पाणी जातं.

पाणी दिवसाला ३ लिटर, एप्रिल ते जून ४ (किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून). इथे एक नेहमीची फसगत होते. ‘लघवी पिवळी दिसली की पाणी प्या’ हा सल्ला तुम्हाला लागू नाही. सिकलसेलमध्ये किडनीला लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे अंगात पाणी कमी असतानाही ती फिकी दिसू शकते. आणि पेशी जास्त तुटल्या तर पाणी भरपूर असूनही गडद दिसते. रंग बघू नका, बाटल्या मोजा. एक लिटरची बाटली: एक ऑफिसला पोचून अकरापर्यंत, दुसरी चारपर्यंत, तिसरी घरी. रात्री लघवीला उठता तेव्हा अर्धा ग्लास. ऑफिसात उठायला संकोच वाटतो म्हणून पाणी कमी पिणाऱ्या मुली खूप आहेत. पत्रातली दुसरी विनंती त्यासाठीच आहे.

वर्षाला चार-पाच क्रायसिस म्हणजे हायड्रॉक्सियुरिया सुरू नसेल तर त्याबद्दल विचारायची वेळ झाली आहे. सुरुवात साधारण किलोमागे १० मिलिग्रॅमने होते, म्हणजे तुमच्या वजनाला ५०० ची एक कॅप्सूल रोज. ती दुखण्याची गोळी नाही. गर्भातल्या बाळाच्या रक्तात असतं त्या प्रकारचं हिमोग्लोबिन हळूहळू वाढवून क्रायसिसची संख्या कमी करते आणि परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. लोक दुसऱ्याच महिन्यात ‘फरक नाही’ म्हणून सोडतात, किंवा नखं काळी पडली म्हणून घाबरतात. नखं काळी पडणं निरुपद्रवी आहे. पण सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि नंतर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करणं अजिबात चुकवायचं नाही, कारण पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट्स फार घटल्या तर औषध काही दिवस थांबवावं लागतं. एक डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गर्भारपणात हे औषध थांबवतात. फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम रोज. लोहाच्या गोळ्या मात्र फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासल्याशिवाय नाही. ‘रक्त कमी आहे’ म्हणून शेजारची बाई देते त्या लाल गोळ्यांनी इथे रक्त वाढत नाही, कारण बहुतेकदा लोह कमी नसतं, पेशीच तुटत असतात; जास्तीचं लोह यकृतात साठत जातं.

पिवळे डोळे हे या आजाराचं एकमेव लोकांना दिसणारं लक्षण, आणि नेमका त्याचाच अर्थ चुकीचा लावला जातो. कावीळ म्हणून ताट-वाटी वेगळी करतात, झाडपाला देतात, हळद-तेल बंद करतात. हा पिवळेपणा पेशी तुटल्याचा आहे, कुणाला लागत नाही, पथ्याने जात नाही. पण नेहमीपेक्षा खूप वाढला, सोबत उजव्या बरगडीखाली कळ आणि उलट्या असतील तर पित्ताचे खडे असू शकतात, सोनोग्राफी करा.

घरच्यांना ‘समजून घ्या’ म्हणण्यापेक्षा काम सोपवा. सासूबाईंकडे गरम पाण्याची पिशवी, नवऱ्याकडे थर्मामीटर आणि तो एक पानाचा कागद. ज्याच्या हातात थर्मामीटर असतो तो ‘नाटक आहे’ असं सहसा म्हणत नाही. आणि नवऱ्याचं एचपीएलसी झालं नसेल तर आधी तेच करून घ्या: तो एए (दोन्ही जनुकं चांगली) असेल तर मुलं सगळी वाहक, आजारी कुणी नाही, तो एएस असेल तर प्रत्येक गर्भारपणात एसएसची शक्यता निम्मी, आणि मग गर्भजल किंवा नाळेच्या तपासणीबद्दल पहिल्या दोन महिन्यांतच विचारावं लागतं. मन सतत खचलेलं राहत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

वर्षातून एकदा बरं असताना: लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन (दोन्ही किडनीसाठी), डोळ्यांचा पडदा, हृदयाचा इको. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची वेळापत्रकाप्रमाणे. आणि जांघेतलं दुखणं क्रायसिस समजून सोसत बसू नका. मांडी घालून बसताना किंवा स्कूटरवर टांग टाकताना एकाच बाजूला कळ येत असेल आणि ती आठवडेच्या आठवडे तशीच राहत असेल, तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. सुरुवातीला साध्या एक्सरेत ते दिसत नाही, एमआरआय लागतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरी पाठवलं तर एमआरआयचं नाव काढून विचारा.